कानामागचं हाड

९ फेब्रुवारी, जेवणाच्या सुट्टीत

बारके,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड. अकरा वर्षांनी लिहितेय म्हणजे काही मागायला लिहितेय असं समजू नकोस. मला काही नको. पत्ता आत्याकडून घेतला. तिच्यावर डाफरू नकोस, मी तीन दिवस तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिने दिला.

मी आता हाडं धुते. हसून घे. जुनी हाडं, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची. शहराबाहेर रस्ता रुंद करताना जमिनीखाली पुरलेली माणसं सापडली, ओळीने. ती मातीसकट पेट्यांतून आमच्या इमारतीत येतात. तळमजल्यावर धुण्याची खोली. तिथे तीन बेसिनं, एक चाळणी आणि मी. मऊ ब्रश, कोमट पाणी, हातात मोजे, तोंडाला फडकं. दाताची फट न् फट घासायची आणि कागदावर वाळत घालायची. मग ती वर जातात. वर मॅडम आहेत, आणि त्यांच्या हाताखाली पांढऱ्या डगल्यातली पोरंपोरी. ते हाडाला बारीक भोक पाडून पीठ काढतात, आणि त्या पिठावरून सांगतात की हा माणूस बाई होता की पुरुष, कुणाचा कोण लागत होता, अंगात काय दुखणं होतं. सगळ्यात जास्त कळतं कानामागच्या हाडातून. अक्रोडाएवढं असतं, पण दगडासारखं टणक, त्यामुळे आतलं सगळं टिकतं. आपल्या आईला काय झालं ते डॉक्टरला समोर बसून सांगता आलं नाही, आणि इथे तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांचं सांगतात.

आता मुद्द्याचं. काल मॅडमनी सगळ्यांना वर बोलावलं. मला एरवी कुणी वर बोलावत नाही, म्हणून चपला हातात घेऊन दारातच उभी राहिले. मॅडमचा चेहरा असा की घरात पोरगी पहिली आलीय. म्हणाल्या, चौदा नंबरच्या बाईच्या हाडात हृदयाचा एक दोष सापडलाय. आजच्या माणसांत तो असतो हे डॉक्टरांना ठाऊक आहे, पण इतक्या जुन्या माणसात कधी दिसला नव्हता. हा दोष असलेलं माणूस वरून ठणठणीत असतं. काम करतं, भांडतं, चार जिने चढतं. आणि एक दिवस निजलेलं असताना किंवा शांत बसलेलं असताना एकदम मोठा आवाज होतो. घंटा, गजर, फोन, काहीही. हृदयाचा ठेका चुकतो. कधी नुसती चक्कर येते. कधी माणूस उठतच नाही. आणि हे आईबापाकडून लेकराकडे येतं. काही लेकरांत उतरतं, काहींत नाही.

पोरं टाळ्या वाजवत होती. मी चौकट धरून उभी होते.

मामाचं आठव. कारखान्याच्या फाटकाशी डबा उशाला घेऊन पडला होता, भोंगा झाला आणि तो उठलाच नाही. एकवीस वर्षांचा. आजोबा म्हणायचे, कामचुकार मेला, मेला तोही ड्यूटी चुकवायला. आणि सगळे हसायचे, आई सोडून.

आणि आई. दुपारची कॉटवर निजलेली होती. तू ओरडलीस. ती उठून बसली, आपल्या दोघींकडे अनोळखी माणसांकडे बघावं तसं बघितलं आणि आडवी झाली. तू ओरडलीस हे मी तेव्हाही बोलले आणि आजही बोलते. आणखी कसला आवाज झाला असेल-नसेल, ते मला आता आठवत नाही. पण आईत जर हा दोष असेल तर तो तुझ्यात असू शकतो आणि तुझ्या पोरीत असू शकतो. तू हृदयाच्या डॉक्टरकडे जा आणि पट्टी काढून घे. छातीला चिमटे लावून कागदावर रेघ काढतात ती. दुखत नाही. पोरीचीही काढ.

झालं. आता फाड.

ताई


२३ फेब्रुवारी

बारके,

चौदा दिवस झाले. फाडलंस वाटतं.

परवा आत्याला फोन केला. तिला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने तिला हवं तेवढंच येतं, तुला माहीत आहे.

"बारकी बरी आहे," म्हणाली. "पोरगी तेवढी नाटकी झालीय."

"नाटकी म्हणजे?"

"अगं, कॉलेजातून येते, दुपारची झोपते, पाचचा गजर लावते. गजर झाला की उठायचं सोडून पडते. दोनदा झालं. डोळे पांढरे करते, हात ताठ. मग दोन मिनिटांनी विचारते, काय झालं? अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय. बारकी म्हणते, परीक्षा संपली की भूत उतरेल."

मी म्हटलं, "आत्या, तिला आत्ता फोन कर आणि सांग, गजर बंद कर."

"आता कशाला, संध्याकाळी करते. तुझं काय आपलं, सगळं घोड्यावर बसून."

संध्याकाळी तिने केला. तुझं उत्तर मला जसंच्या तसं कळवलंय. "अकरा वर्षांनी ताईला माझ्या घरातलं घड्याळ खुपायला लागलं का?" असं म्हणालीस म्हणे. आणि आत्याला सांगितलंस की पुन्हा ताईचा निरोप घेऊन फोन केलास तर उचलणार नाही. काल तिने केला, तू उचलला नाहीस.

बारके, गजर माझ्या डोळ्यांत खुपत नाही. गजराची भीती वाटते.

तुला वाटेल, हिच्याकडे नंबर आहे तर सरळ फोन का करत नाही. नंबर भिंतीवर लिहून ठेवलाय. तीनदा सगळे आकडे दाबले आणि शेवटच्याला बोट अडलं. आत्या सांगते, तू कामाला जातेस त्या धुलाईघरातल्या यंत्रांच्या घरघरीत ऐकू यावं म्हणून तू फोनचा आवाज पूर्ण मोठा ठेवतेस आणि घरी आलीस की तो पोरीच्या उशाशी चार्जिंगला लावतेस. तुझी पाळी रोज बदलते, तू कधी घरी असतेस ते तिलाही ठाऊक नाही. मेसेज टाकावा तर तुझा फोन त्यालाही किंचाळतो. म्हणजे मी फोन केला तर माझ्याच हाताने तिथे घंटा वाजायची. म्हणून लिहितेय. चौथीपर्यंतची शाळा, तेवढ्यात जेवढं येतं तेवढं. कागद आवाज करत नाही.

रागवायचं तर माझ्यावर रागव. पोरीला कशाला गजराला बांधतेस? तिला हाताने उठव. खांद्यावर हात ठेवून, हळू.

ताई


२ मार्च

बारके,

पोरीला पट्टीसाठी नेलंस का? नसशील नेलं. मी तरी कुणाला विचारतेय.

इथे गडबड झालीय. मॅडम काल स्वतः खाली धुण्याच्या खोलीत आल्या. म्हणाल्या, "चौदा नंबरच्या पिठात काहीतरी ताजं आहे. जुनं असतं ते तुटकं-झिजलेलं असतं. हे अख्खं आहे. कुणाचा तरी स्पर्श झालाय. तो दोष त्या बाईचा की स्पर्श करणाऱ्याचा, हे बघितल्याशिवाय मी एक ओळ छापू शकत नाही. उद्या सगळ्यांनी नळीत थुंकायचं."

आमचा शिपाई म्हणाला, "मॅडम, मी रोज जिन्यात थुंकतो, तीच घ्या की."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. मीही नाही.

आता तुला एक सांगते, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्या कामावर मला लावलं ते खोदकामावरच्या एका म्हाताऱ्या मुकादमाने. पेटीत मातीबरोबर खडे येतात. हाडाचा तुकडा आणि खडा सारखेच दिसतात. वर भिंग आहे, दिवा आहे, एकेक तुकडा धरून बघायचा असा नियम आहे. पण दोनशे तुकडे असले की दिवस त्यातच जातो, आणि मला कुठे धीर. मुकादमाने पहिल्याच दिवशी दाखवलं. तुकडा जिभेच्या टोकाला लावायचा. हाड जिभेला चिकटतं, खडा चिकटत नाही. संपलं. म्हणाला, "मेलेल्याचा मुका घेतल्याशिवाय त्याची ओळख पटत नाही." त्याचे सगळे जुने लोक असंच करायचे. पिठाची भानगड निघाल्यावर ते बंद झालं, भिंतीवर पाटी लागली. मी पाटी वाचली आणि फडकं खाली करून चाटत राहिले. तीन वर्षं. सगळे म्हणतात, ह्या बाईचा हात किती चालतो. हात कसला, जीभ.

चौदा नंबरचं कानामागचं हाड माझ्या चांगलं लक्षात आहे. त्याला भेग होती. माती भरून ते खड्यासारखंच दिसत होतं, म्हणून मी दोनदा लावलं. भेगेतली माती जिभेवर आली होती, खारट.

कळलं का तुला? मला तीन आठवडे वाटत होतं, ह्या जगात आपल्या घरासारखी आणखी एक बाई होऊन गेली. तिच्याबद्दल मला माया वाटायला लागली होती. कागदावर वाळत घातलेली तिची बाकीची हाडं मी येताजाता बघायचे. तो दोष तिचा नाहीच. तो माझा आहे. माझ्या थुंकीतून तो तिच्या कानात गेला, आणि आता सगळे तिचं नाव घेताहेत.

आज थुंकायला मी गेलेच नाही. पोटात दुखतंय म्हणून घरी राहिले. पोटात दुखत नाहीये.

ताई


५ मार्च
(कार्ड)

बारके, पाकीट फोडत नसशील म्हणून उघडं कार्ड टाकतेय. पोस्टमनने वाचलं तर वाचू दे. पोरीच्या उशाशी गजर नको, फोन नको. दोघींनी हृदयाची पट्टी काढा. आई आजाराने गेली. ताई


१३ मार्च

बारके,

सांगितलं मॅडमना. दहा दिवस पोटदुखी पुरली, अकराव्या दिवशी, म्हणजे काल, वर गेले.

"मॅडम, ते हाड मी चाटलंय."

त्यांनी चष्मा काढला. "काय केलंय?"

"जिभेला लावलं. सगळीच लावते. वेळ वाचतो."

"किती दिवस?"

"आल्यापासून. तीन वर्षं."

त्या खाली बसल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. नुसत्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "तीन वर्षांत तुमच्या हातून किती हाडं गेली, कल्पना आहे?"

"कानामागची एकशे बारा. बाकीची कोण मोजतंय."

"आणि हे तुम्ही मला आता सांगताय."

"मॅडम, हाडांचं मग बघा. माझी आई आवाजाने गेली. मामा भोंग्याने गेला. माझी भाची गजर झाला की पडते. माझं स्वतःचं कुणी मागून दार आपटलं की डोळ्यांपुढे काळं होतं, मी लोकांवर खेकसते म्हणून मला सगळे शांतता समिती म्हणतात. दोष माझा असेल तर तो माझ्या बहिणीकडेही असेल. कुणाकडे जायचं ते सांगा. मग काढून टाका मला."

रागावलेली बाई तिथल्या तिथे बाजूला झाली आणि दुसरीच बाई पुढे आली. "चला," म्हणाल्या. "आत्ता." स्वतःच्या गाडीतून नेलं. हॉर्न न वाजवता चालवली, ते माझ्या लक्षात आलं.

डॉक्टर पोरगेलासा होता. पट्टीवर पेन ठेवून म्हणाला, "ही टेकडी बघा. ती चढते आणि लगेच उतरायला हवी. तुमची उतरायला रेंगाळते. ती रेंगाळत असताना आवाजाचा दणका बसला की," आणि पेन कागदावरून उचललं आणि हवेतच ठेवलं. मग विचारलं, "भावंडं?"

"एक बहीण. धाकटी. तिला सतरा वर्षांची मुलगी."

मी गजराचं सांगितलं तसा तो पट्टी विसरला. म्हणाला, दोनदा पडून उठली हे तिचं नशीब, तिसऱ्यांदा नशिबावर सोडू नका. गोळ्या आहेत. महाग नाहीत, रोज घ्यायच्या. वेळेत कळलं तर माणूस म्हातारं होऊन मरतं.

"बहिणीला आजच सांगा."

"बोलणं नाही आमचं."

"मग सुरू करा," म्हणाला. कानावर मारल्यासारखं.

नोकरी महिनाअखेरपर्यंत. मॅडमनी शिव्या दिल्या नाहीत. चौदा नंबरचं सगळं रद्द, एकशे बारा हाडांचं पुन्हा तपासणार, त्यात वर्ष जाईल. तरी तुझ्या डॉक्टरला दाखवायला त्यांनी चिठ्ठी लिहून दिलीय, शिक्का मारून. ती माझ्याकडे आहे, पाकिटात घालत नाही. पाकिटांचा मला भरवसा राहिला नाही.

आता दुसरं. हे मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. पेन घेऊन बसायचे आणि दुसरंच काहीतरी लिहायचे.

त्या दुपारी तू ओरडलीस तेव्हा आई निजलेलीच होती. तिने कूस बदलली, एवढंच. तुझ्या ओरडण्याची तिला सवय होती, तू जन्मल्यापासून ओरडतच होतीस. तू म्हणालीस, मी पोरीला घेऊन जाणार, ताईची गुलामी मला जमणार नाही. पेटी उचलून तू दाराकडे वळलीस. मला खरं तर म्हणायचं होतं, मला एकटीला टाकून जाऊ नकोस, आईचं माझ्याच्याने एकटीने होणार नाही. ते तोंडातून निघेना. हातात मोठ्या पातेल्याचं झाकण होतं. ते मी फरशीवर आपटलं. जेवढा जोर होता तेवढा लावून. ते गोल गोल फिरत राहिलं आणि फिरता फिरता आवाज वाढत गेला, तुला आठवत असेल. ते थांबायच्या आत आई उठून बसली होती.

तू पाठमोरी होतीस. धावत आलीस, तिला धरलंस, आणि मला विचारलंस, "ताई, काय पडलं ते?"

मी म्हणाले, "काही नाही. तू ओरडलीस."

आणि झाकण पायाने कॉटखाली सारलं. माणसं जमली, डॉक्टर आला, तू कोपऱ्यात पोरीला पोटाशी धरून बसलीस, सगळे तुझ्याकडे बघत होते, आणि झाकण कॉटखाली होतं. संध्याकाळी तू गेलीस. चार दिवसांनी मी ते काढलं, धुतलं आणि फडताळात ठेवलं. अजून आहे. मी ते वापरत नाही.

डॉक्टर म्हणतो, कुणाचाच दोष नाही, आज झाकण नसतं तर उद्या फोन असता. त्याला असं म्हणायला काय जातंय. मी मेलेल्या बाईच्या हाडात माझं दुखणं घातलं आणि तीन आठवडे ते तिच्या नावावर खपलं, तेव्हा मला कळलं की हे मी आधीही केलंय. ती बोलू शकत नव्हती. तू बोलू शकत होतीस, पण मी तुला बोलू दिलं नाही.

उत्तर नको. पोरीची पट्टी काढ.

तुझी ताई


१९ मार्च

बारके,

अजून काही नाही. आत्या म्हणते तू तिचाही फोन उचलत नाहीस, तिने पोरीला लावावा म्हटलं तर तिच्याकडे पोरीचा नंबर नाही. देवाची कृपा. त्या मुलीचा फोन वाजायला नको.

गोळ्या सुरू आहेत, सहा दिवस. डॉक्टर म्हणतो, अजून आठवडा प्रवास नको, अंगात मुरू देत. मी म्हटलं, बरं. आता स्टेशनवर आहे, कानात कापूस घालून तुझ्याकडे यायच्या गाडीत बसणार आहे. दीड दिवसाची वाट. घरातून निघताना शेजारीण म्हणाली, "एवढ्या घाईने कुणीकडे, लग्न आहे का?" मी म्हटलं, भांडण आहे, जुनं, मिटवायला चाललेय. ती म्हणाली, "तुम्ही आणि मिटवायला?" लोकांना माणसाची बरोबर पारख असते.

हे टाकू का नको कळत नाही. माझ्या आधी पोचायचं नाही. तरी टाकते.

ताई


२१ मार्च, तुझ्या दाराबाहेर, साडेचार

बारके,

मी तुझ्या जिन्यात बसलेय, दारापासून चार पायऱ्या खाली. मांडीवर वही धरून लिहितेय.

खाली पत्रांच्या पेट्या बघितल्या. तुझ्या पेटीला गंज चढलाय, आणि फटीतून माझं कार्ड अर्धं बाहेर आलंय. त्याच्या मागे पाकिटं. म्हणजे तू काहीच फाडलं नाहीस. तुला मिळालंच नाही. समोरची बाई जिना उतरत होती, तिला विचारलं. म्हणाली, "ती पेटी उघडतच नाही, बिलं सगळी फोनवर येतात. किल्ली कधीच हरवलीय." मी दीड महिना एका लोखंडी पेटीशी बोलत होते.

ती म्हणाली, "घरातच आहेत दोघी. आज सुट्टी आहे तिची. पोरगी झोपली असेल, बाहेरच्या खोलीत झोपते, दाराला लागूनच. पाचला उठते. गजर असा की आमच्याकडे चहा उकळतो त्यावर." हसली आणि तुझ्या बेलवर बोट ठेवायला गेली. मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं असेल. ती म्हणाली, "अहो, काय करताय?" मी म्हटलं, बेल नको. तिने माझ्याकडे खालून वर बघितलं, घरात गेली आणि दार आपटलं.

तेव्हा मी खाली बसले. सगळं काळं झालं, मग राखाडी, मग तुझी पायरी दिसली. गोळ्या लागू पडताहेत. आठवड्यापूर्वी हे झालं असतं तर तिच्या दारात मी पडले असते.

आता उठून आलेय दारापर्यंत. कान लावलाय. आत नळ चालू आहे, भांडी घासतेस. तू भांडी अजून आईसारखी घासतेस, घासून झालं की दोनदा ठोकतेस. बोटाच्या पेराने दार वाजवलं, तुला ऐकू येत नाही. मोठ्याने वाजवायची माझी हिंमत नाही. ह्या फळीच्या पलीकडे हातभरावर ती निजलीय. मला तिचा श्वास ऐकू येतो असं वाटतंय, कदाचित माझाच असेल.

तू आधीचं काही वाचलेलं नाहीस, म्हणून सगळं थोडक्यात.

आपल्या घरात हृदयाचा आजार आहे. झोपेत मोठा आवाज झाला की माणूस जाऊ शकतं. मामा त्याने गेला, आई त्याने गेली. मला आहे, पट्टीवर दिसलं. पोरगी गजराने पडते, ते नाटक नाही. औषध आहे. डॉक्टरला दाखवायची चिठ्ठी माझ्या हातात आहे.

आईच्या वेळी आवाज तुझा नव्हता. झाकण मी आपटलं आणि कॉटखाली लपवलं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले.

आता हे वाचून जागची हल. आधी गजर काढ. घड्याळातला आणि फोनमधला, दोन्ही. मग तिला हाताने उठव. मग दार उघड. कडी हळू काढ. मला बघून ओरडावंसं वाटेल, तुझा तो हक्क आहे, अकरा वर्षांचं साठलेलं असेल. ते मी सगळं ऐकून घेईन, पण आज नाही, माझ्या गोळ्या अजून नवीन आहेत. आज शिव्या द्यायच्या तर कुजबुजून दे.

नळ बंद झाला. तुझी सावली दाराखाली येतेय. कागद सरकवते.

पाचला चार मिनिटं आहेत. आधी पोरीकडे जा.